काकूंच्या शेजारचं टेबल

"जोरात करा," माला काकूंनी सांगितलं. "सांगलीची पोर हाय, हळू केलेलं तिला कळायचं न्हाई."

खरं तर विचारलं मला होतं. काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे बघूनच विचारलं होतं, "मॅडम, प्रेशर कसं हवंय? हलकं, मध्यम की जोरात?" मी तोंड उघडेपर्यंत उत्तर देऊनसुद्धा झालं. मग तिनं विचारलं, तेल कोणतं, गाणी लावू का, खोली जास्त गार तर होणार नाही ना. काकू सगळ्याची उत्तरं देत गेल्या आणि मी काचेच्या दाराकडे बघत राहिले. शेवटी तिनं विचारलं, अंगाला कुठं हात लावू नये असं काही आहे का. "तसलं काय न्हाई," काकू म्हणाल्या, "तरणीताठी पोर हाय." आणि त्यांनी माझ्या पाठीवर कौतुकानं एक थाप मारली. थाप नेमक्या जागेवर पडली नाही, जरा वर पडली. तरी मी दचकले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात तेव्हा स्पा हे नवीनच प्रकरण होतं. मालीश करायची ती तालमीत पैलवानाची, नाहीतर घरात बाळंतिणीची, एवढंच लोकांना ठाऊक. चांगल्या हिंडत्याफिरत्या बाईनं एसी खोलीत जाऊन अंग रगडून घ्यायचं, ही चैन माला काकूंनाच सुचावी. माला काकू म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई. शिरोलीला त्यांची लोखंड ओतायची फाउंड्री होती, चाळिशीत त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या आणि भावकीतल्या बायका त्यांना वचकून असत. सुपारी फुटली होती, लग्न आठवड्यावर आलं होतं. अक्षता पडल्या की 'आई' म्हणायचं, तोवर काकू, असं त्यांनीच ठरवून दिलं होतं.

आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, की उद्या दुपारची दोघींची वेळ घेतलीय, नवरीनं लग्नाआधी जरा अंग सैल करून घ्यावं, सकाळच्या एस्टीनं ये, संध्याकाळी मी सोडते. मी आईला हे सांगितलं तर आईनं गॅस बंद केला आणि खालीच बसली.

"ती तुझं अंग बघायला नेतीय," आई म्हणाली.

माझ्या कंबरेच्या जरा वर, पाठीच्या डाव्या बाजूला कोड आहे. नववीत असताना आलं, पसरत पसरत पसरट वाटीएवढं झालं आणि तिथंच थांबलं. ते दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. हे सगळं मी मिरजेच्या दवाखान्यात मोठमोठ्या डॉक्टरांकडून ऐकलेलं आहे, कारण मी तिथंच एक्स-रे काढायचं काम करायचे. दिवसभर लोकांना 'शर्ट काढा, श्वास धरा' म्हणून दरडावायचे आणि स्वतः घरी कडी लावून, लाईट घालवून कपडे बदलायचे. आईला दोष देण्यात अर्थ नाही. सुरुवातीला तिनं येणाऱ्या प्रत्येक स्थळाला खरं सांगून बघितलं होतं. एका घरानं 'कळवतो' म्हणून कळवलंच नाही. एका घरातल्या बाईंनी तर चहाचा कप अर्धा ठेवला आणि चपला घातल्या. त्यानंतर आईनं तोंडाला कुलूप लावलं. मी तिशीला टेकले होते, वडील नव्हते आणि हे स्थळ चालून आलं होतं. हे मोडलं तर पुढं कुणी दारात उभं राहणार नाही, हे आईला पक्कं माहीत होतं आणि मलाही.

रात्री जेवणं तशीच राहिली. आई म्हणाली, पाळी आलीय म्हणून सांग. पण आमच्या आत्यानं मुहूर्त काढताना माझी तारीख माला काकूंना आधीच कळवून ठेवली होती. ती टाळूनच हळदीचा दिवस निघाला होता. आता मधेच पाळी आली म्हणावं तर काकूंना खोटं लगेच कळलं असतं. मग आई म्हणाली, ताप आलाय म्हण. तर काकू गाडी घेऊन सरळ सांगलीत येतील डॉक्टर बरोबर घेऊन, तसल्याच होत्या त्या. शेवटी आईनं माझे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, "जा. पण पालथी होऊ नकोस. काय वाट्टेल ते कर, पालथी होऊ नकोस."

तर अशी मी त्या काउंटरसमोर उभी होते.

कपडे बदलायच्या खोलीत आत गेल्या गेल्या कडी लावली आणि संग्रामला फोन केला. संग्राम म्हणजे माझा होणारा नवरा. त्याला सगळं माहीत होतं. दुसऱ्याच भेटीत, सुपारी फुटायच्या आधी, रंकाळ्यावर भेळ खाता खाता मीच त्याला सांगून टाकलं होतं. म्हटलं, फिरायचं तर आत्ताच फिर. तो हसला आणि म्हणाला, "एवढंच होय?" मी त्या भेळवाल्यादेखत रडले. त्या 'एवढंच होय'वर जीव टाकून मी हे लग्न करायला निघाले होते.

फोनवर भट्टीचा आवाज येत होता, मग तो कमी झाला, म्हणजे तो बाहेर आला असावा. मी कुठं आहे ते ऐकून तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला. डोकं दुखतंय म्हण आणि नीघ, म्हणाला. नाहीतर त्या बायकांना अंधार करायला सांग.

"त्यापेक्षा सांगून टाकू का?" मी विचारलं. "मला असं चोरासारखं नाही जमत, संग्राम."

"नको नको. आईला नाही चालायचं. ती जुन्या वळणाची आहे, तुला माहीत नाही. एकदा लग्न होऊ दे, मग मी बघतो तिच्याकडं. तुला माझी शपथ आहे."

बाहेरून काकूंनी दार वाजवलं. "झोपलीस काय गं आत?"

खोलीत दोन टेबलं होती, मध्ये हात पुरेल एवढं अंतर. वर पिवळा दिवा, कोपऱ्यात उदबत्ती, आणि कुठूनतरी बासरी चाललेली. माझ्या वाट्याला रूपाली नावाची मुलगी आली, साताऱ्याकडची, मनगटं चांगली दणकट. काकूंच्या वाट्याला एक पोक्त बाई होती, ती शेवटपर्यंत फारशी बोलली नाही. मी रूपालीच्या कानाशी जाऊन म्हणाले, मला फक्त डोकं आणि पाय करा, बाकी राहू द्या. तिनं मान हलवली.

"आँ? फक्त पाय?" काकूंचे कान भारी तिखट. "पायाला काय झालंय तिच्या? कंबर करा तिची नीट. लग्नात दिवसभर उभं राहून कंबरंचा काटा ढिला होतोय."

मी म्हणाले, मला गुदगुल्या होतात. काकू म्हणाल्या, जोरात केलं की होत न्हाईत. मी म्हणाले, दिवा जरा बारीक करता का, डोळ्यांवर येतोय. काकू म्हणाल्या, "राहू दे की, अंधारात काय कळायचं." मी टॉवेल गळ्यापर्यंत ओढून घेतला तर म्हणाल्या, एवढी थंडी वाजतीय होय, आणि लगेच एसी कमी करायला लावला. मी काही मागावं आणि काकूंनी ते मोडून काढावं, असं चाललं होतं. आणि मागून मागून मी मागत होते ते सगळं खोटंच होतं. मला गुदगुल्या होत नाहीत. दिवा माझ्या डोळ्यांवर येत नव्हता.

रूपालीनं पायांपासून सुरुवात केली. जोरात म्हणजे किती जोरात ते मला पहिल्या मिनिटालाच कळलं. तिचा अंगठा पोटरीत रुतला की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. ती दरवेळी विचारायची, "ठीक आहे का, मॅडम?" आणि मी दरवेळी म्हणायचे, "ठीक आहे." माझं लक्ष दुसरीकडेच होतं. मान न वळवता मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकूंकडे बघत होते. काकू मजेत होत्या. अंगाखाली उशी घ्यायला लावली, तेल गार आहे म्हणून गरम करून आणायला लावलं, मानेला हात लावू नका म्हणून सांगितलं. जे हवं ते त्या मागून घेत होत्या आणि त्या बाईलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला. मग राग आला. मग पुन्हा भीती वाटायला लागली.

"माझ्या लग्नाच्या टायमाला," काकू छताकडे बघत बोलायला लागल्या, "हळदीच्या आदल्या दिवशी थोरल्या नणंदेनं मला न्हाणीत नेलं. म्हणाली, ये, केस धुऊन देते. मला वाटलं, किती मायेची बाई. नंतर कळलं, अंगावर काय डागबिग हाय का बघायला सासूनं धाडलेली तिला." आणि त्या खदखदून हसल्या.

रूपालीचे हात थांबले, तिला माझं अंग ताठलेलं कळलं असणार. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "मग?"

"मग काय. पास झालो की आम्ही."

त्यांना हसू आवरत नव्हतं आणि मला त्या हसण्याचा थांग लागत नव्हता. सहज सांगितलं का मुद्दाम? आई म्हणाली ते खरं का? मी मनातल्या मनात दाराकडे पळत होते. उठावं, कपडे चढवावेत, एस्टी स्टँड गाठावं. पण पळून गेले तरी तेच सिद्ध होणार होतं.

आणि मग रूपाली ते म्हणालीच. "मॅडम, पालथ्या व्हा आता."

मी म्हणाले, नको, मला पालथं झोपलं की श्वास लागतो. ते ऐकून काकूंची बाई म्हणाली, काही होत नाही, टेबलाला तोंडासाठी भोक आहे, त्यातून हवा येते. काकू पालथ्या झाल्या, त्या भोकात तोंड घालून बघितलं आणि लगेच वर काढलं. म्हणाल्या, मला न्हाई जमत असलं, मी अशीच बाजूला तोंड करून पडते. आणि गाल हातावर टेकून, तोंड माझ्याकडे करून पडून राहिल्या. डोळे टक्क उघडे. आता त्यांना माझी पूर्ण पाठ दिसणार होती.

पालथं होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टॉवेल धरून, जमेल तेवढं अंग चोरून मी वळले आणि त्या भोकात तोंड खुपसलं. खाली पांढरी फरशी आणि रूपालीच्या रबरी चपला दिसत होत्या. तिनं पाठीवरचा टॉवेल खाली सरकवला. चपला थांबल्या. मी वाट बघत होते. आता ती 'अगं बाई' म्हणेल, नाहीतर हात आखडून घेईल.

तिनं तसलं काही केलं नाही. तिनं टॉवेलचं टोक उचललं, वर ओढलं आणि त्या जागेवर नीट बसवून, कडेनं खोचून टाकलं. पटकन, आवाज न करता, काकूंच्या आणि माझ्यामध्ये स्वतःचं अंग घालून. मग वाकून माझ्या कानाशी कुजबुजली, "काळजी करू नका. नाही दिसत आता."

म्हणजे मी वाचले होते. देव पावला म्हणायला हवं होतं. आईनं त्या पोरीचे पाय धरले असते. पण माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. आई लपवत होती, संग्राम लपवत होता, मी लपवत होते आणि आता जिची ओळख अर्ध्या तासाचीही नाही अशी कोण कुठली साताऱ्याची पोर, तिलाही न सांगता कळलं होतं की हे लपवायचं असतं. ती चांगुलपणानंच वागली होती. त्या चांगुलपणाचाच मला संताप आला. सगळं जग चांगुलपणानं माझ्यावर टॉवेल टाकत सुटलंय, असं वाटलं. जन्मभर हेच चालणार. उद्या पोरं होतील, तीही शिकतील, आईची पाठ झाकायची.

मी भोकातून तोंड वर काढलं.

"टॉवेल काढा तो," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "तिथं कोड आहे. दुखत नाही, हात लावला तर लागतही नाही. बाकी पाठीसारखीच ती पाठ करा. आणि जोरात करू नका. मला जोरात अजिबात आवडत नाही, मघापासून माझे पाय मोडून आलेत. हळू करा."

रूपालीनं काकूंकडे बघितलं.

"तुम्ही दोघी जरा बाहीर थांबा," काकू म्हणाल्या.

त्या बायका गेल्या. काकू टॉवेल गुंडाळून उठून बसल्या, पाय खाली सोडले आणि माझ्या टेबलाशी आल्या. स्वतःच्या हातानं टॉवेल बाजूला केला. मी तशीच पालथी होते, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मग त्यांचं बोट पाठीवरून फिरलं, कडेकडेनं.

"कधीपासनं?"

"नववीत होते."

"वाढतंय?"

"नाही आता."

"माझ्या कानावर कुणीतरी घातलं होतं," काकू म्हणाल्या. "सांगलीचीच बाई. म्हटलं, आपल्या डोळ्यांनी बघावं. त्यासाठीच आणलं तुला, खोटं कशाला बोलू. पण तू तोंडानं सांगशील असं न्हवतं वाटलं."

मी उठून बसले. आम्ही दोघी टॉवेल गुंडाळून, तेलानं निथळत, समोरासमोर बसलो होतो. एरवी मला हसू आलं असतं.

"संग्रामला ठाऊक हाय?"

इथं मी अडकले. नाही म्हणावं तर मी त्यांच्या पोराला फसवत होते. हो म्हणावं तर त्यांचं पोर त्यांना फसवत होतं, आणि वर त्याची शपथ. काकू माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "सुपारीच्या आधीच सांगितलं मी त्याला. तुम्हाला सांगू नको म्हणाला. म्हणाला, आईला चालणार नाही."

काकूंचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच त्या मला वयस्क दिसल्या. मग म्हणाल्या, "बरोबरच बोलला. तवा सांगितलं असतंस तर मी न्हाईच म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"हं." त्यांनी माझ्या खांद्यावर टॉवेल सारखा केला. मग कामाचं बोलायला लागल्या. आता हॉल ठरलाय, पै-पाहुण्यांना आवतणं गेलीत. झालं ते झालं. हे आपल्या घरातच राहू दे. हळदीला बायका अंगाला हळद लावतात, तेव्हा त्या स्वतः माझ्या पाठीशी उभ्या राहतील, जावांना फिरकू देणार नाहीत. चोळी जरा लांब शिवून घेऊ. कुणाला काही कळायचं नाही.

आईला हेच तर हवं होतं. सासूनं बघितलं, सासूनं पदरात घेतलं, लग्न ठरल्याप्रमाणे होणार. तासाभरापूर्वी मीसुद्धा यावर नारळ फोडला असता.

"नको, काकू," मी म्हणाले. "मी नाही झाकणार. सगळ्या नवरीमुलींना लावतात तशी मला पाठीला हळद लावू द्या. ज्यांना बघायचंय ते बघतील. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील. कोड आहे म्हणतील. ते आहेच."

काकूंनी उठून दार उघडलं, बायकांना आत बोलावलं आणि राहिलेलं करून टाका म्हणाल्या. आपल्या टेबलावर आडव्या पडताना रूपालीला एवढंच सांगितलं, "तिचं हळू करा." रूपालीनं माझी पाठ केली, सगळी. मी शांत झाले असेन असं कुणाला वाटेल, पण नाही. उत्तर यायचं होतं आणि ते शेजारच्या टेबलावर डोळे मिटून पडलं होतं.

उत्तर आलं ते सांगलीच्या वाटेवर. काकू गाडी चालवत होत्या, हातकणंगलं मागं पडलं. मग एकदम म्हणाल्या, "लाव पाठीला हळद. माझ्या जावा चार दिवस बोलतील. तोंड दुखलं की गप्प बसतील."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तर म्हणाल्या, गिअरवरचा हात काढ. मग एका रसवंतीपुढं त्यांनी गाडी बाजूला घेतली. "लाव फोन त्याला. स्पीकरवर टाक. मी हाय म्हणून सांगू नकोस." मला ते बरं वाटलं नाही. पण मलाही ऐकायचं होतं.

संग्रामनं पहिल्याच घंटेला उचलला. मी सांगितलं, की आईंना सगळं सांगून झालं आणि त्यांची काही हरकत नाही. मग मी हळदीचं सांगितलं.

"म्हणजे? उघडी पाठ घेऊन बसणार तू?" तो म्हणाला. "अगं, माझे सगळे मित्र असणार. कारखान्यातली माणसं, त्यांच्या बायका. फोटो निघणार. मी काय सांगू त्यांना?"

"तू म्हणालास, आईला चालणार नाही. आईंना चालतंय."

"आईचं काय घेऊन बसलीस? मला नाही चालणार. हर्षदा, मी तुझं एवढं पोटात घातलं की नाही? दुसऱ्या कुणी घातलं असतं का? मग तुला एक दिवस पाठ झाकायला काय होतंय?"

काकूंनी हात लांब करून माझ्या हातातला फोन घेतला आणि बंद केला. रसवंतीचा चरक कुरकुरत होता. त्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसल्या.

"लहानपणी बरणी फोडायचा आणि मांजराचं नाव सांगायचा," त्या म्हणाल्या. "या खेपेला मांजर मी."

त्यांचे डोळे भरले होते. मी तोंड फिरवलं, कारण त्यांना कुणी बघितलेलं आवडलं नसतं. नाक ओढून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय? माझं सोड, त्याचं सोड. तुला काय पायजे?"

आणि त्या थांबल्या. सकाळपासून पहिल्यांदाच मला विचारून त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. मला रडायला येत होतं, त्या 'एवढंच होय'साठी. पण उत्तराला वेळ लागला नाही.

"मला नको हे लग्न," मी म्हणाले.

काकूंनी मान हलवली आणि गाडी चालू केली. मला दारात सोडून निघून जातील असं वाटलं होतं, पण त्या आत आल्या. आईनं धावपळ करून चहा ठेवला, माझ्या तोंडावरून काही कळतंय का बघत राहिली. काकूंनी चहा घेतला, पूर्ण घेतला, कप खाली ठेवला.

"विहीणबाई म्हणायचं आता राहिलं, म्हणून ताई म्हणते," त्या म्हणाल्या. "ताई, लग्न मोडतंय. तुमच्या पोरीला कोड हाय म्हणून न्हाई. माझ्या पोराला लाज वाटती म्हणून. कुणी विचारलं तर बिनधास्त हेच सांगा, मी पण हेच सांगणार हाय."

त्या गेल्यावर आई बराच वेळ उंबऱ्याशी उभी होती. आतल्या खोलीत रुखवताची भांडी मांडून ठेवली होती, त्यांच्याकडे ती बघेना. मग आत येऊन माझ्यासमोर बसली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आठवडाभर गप्प बसायचं होतं फक्त," ती म्हणाली. "एवढं जमलं नाही तुला?"

"नाही," मी म्हणाले. "पाणी तापव, आई. अंगभर तेल आहे. आणि पाठ तू चोळून दे. हळू चोळ."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसून उठली आणि गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं.